सोयरिकीचं पाणी

माझा सहसा कोणावर विश्वास बसत नाही. सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली, त्याचा हा परिणाम. माणसं बाटली टेबलावर ठेवायची आणि हे आमच्याच विहिरीचं आहे म्हणून शपथा घ्यायची. कारखान्यातला माणूस नाल्याच्या वरच्या अंगाचं पाणी भरून आणायचा, फ्लॅट विकणारा शेजारच्या कॉलनीतल्या नळाचं आणायचा, आणि दोघंही माझ्याकडे बघून गोड हसायचे. त्यामुळे कोणी बाटली पुढे केली की मी आधी आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. निवृत्तीनंतरही ही खोड गेलेली नाही. आमच्या तारनाक्याचा दूधवाला मी दिसले की कॅनचं झाकण आपणहून काढून दाखवतो.

तेव्हा त्या सरांचा फोन आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, यात नवल नाही. सर मराठवाड्यातल्या, तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलवर विज्ञान शिकवतात. इथल्या, म्हणजे तेलंगणाच्या राजधानीतल्या विद्यापीठात शिकत असताना ते काही महिने आमच्या लॅबमध्ये होते. तेव्हाही फार उत्साही होते, आणि उत्साही माणसांचा मी धसका घेतलेला आहे.

"मॅडम, आमच्या मुलांनी स्पर्धेसाठी सिंथेटिक बायोलॉजीची टीम काढली," ते म्हणाले.

"कोणी काढली?"

"नववी-दहावीच्या मुलांनी. तुम्ही फक्त पाठीशी उभ्या राहा."

सिंथेटिक बायोलॉजी म्हणजे, सोप्या भाषेत, जिवाणूंच्या आत चालणाऱ्या कारभारात आपल्याला हवा तो डीएनएचा तुकडा घालायचा आणि त्या कारभाराकडून एखादं नवंच काम करून घ्यायचं. इथल्या मोठ्या संस्थांमध्ये पीएचडीची पोरं त्यावर डोकं आपटतात. आणि हे निघाले होते अशा शाळेतून, जिथं विज्ञानाचं कपाट साहेब तपासणीला येणार असले तरच उघडतं. कोणीतरी शहाणा माणूस खेड्यातल्या पोरांना पुढे करून स्वतःचं घोडं दामटतोय, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं.

सरांनी सुट्टीपुरती विद्यानगरमधल्या एका कॉलेजची लॅब मिळवली होती. मुलांची राहायची सोय दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासच्या हॉस्टेलात झाली होती, फुकट. फुकट म्हटल्यावर मी कान टवकारले. क्लासवाल्यांना फक्त मुलांचे फोटो बॅनरवर लावायचे होते, म्हणजे ही मुलं आमच्याकडेच घडली असं वाटावं. माझं काम एवढंच, की मुलांबरोबर लॅबमध्ये बसायचं आणि शेवटी स्पर्धावाल्यांना सांगायचं, की हे काम मुलांनी स्वतः केलंय आणि खरं आहे. माझा शब्द मिळाला नाही तर टीमला स्टेजवर जागा नव्हती. मी हो म्हटलं. मदत करायची म्हणून नाही, खरं सांगायचं तर भांडं फोडायला म्हणून.

पहिल्या दिवशी मी मुलांना रांगेत उभं केलं आणि उलटतपासणी घेतली. त्यांचं म्हणणं असं होतं: गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते जास्त झालं की लहानपणी दातांवर तपकिरी पट्टे उठतात आणि मोठेपणी हाडं आखडतात. ते पाण्यात आहे का, हे शाळेतल्या पोराला गावातच कळावं म्हणून त्यांना एक नळी करायची होती. जिवाणू फोडून त्यांच्या आतला चालता कारभार काढून घ्यायचा, त्यात फ्लोराइड ओळखणारा डीएनएचा तुकडा मिसळायचा आणि ते सगळं बोटाएवढ्या नळीच्या तळाशी वाळवून ठेवायचं. वरून पाण्याचे थेंब टाकायचे. फ्लोराइड असेल तर तासाभरात पिवळं, नसेल तर तसंच्या तसं.

हे सगळं एका मुलीनं सांगितलं. दहावीची, काटकुळी, गावातल्या आमच्याच समाजाच्या वस्तीवरची. मी नाव विचारायच्या आधीच तिनं मला जयभीम घातला होता, म्हणजे माझी चौकशी आधीच झालेली होती. दातांवर तेच पट्टे. टीममध्ये ज्याच्या-त्याच्या दातांवर होतेच, पण तिचे जरा जास्त. बोलणं मात्र चोख होतं, इतकं चोख की मला ते खटकलं.

"पाठ करून आलीस का?" मी विचारलं.

"पाठ करून कुणाला म्हणून दाखवू मॅडम? आमच्या गावात हे ऐकायला बी कुणी नाही," ती म्हणाली. मग मी तिला मधूनच, उलटसुलट विचारलं. ती अडली तिथं अडले म्हणाली. पाठ केलेलं पोर असं म्हणत नाही, एवढं मला कळतं.

गंमत म्हणजे तीही माझ्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. पाण्याच्या बाटल्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत आणल्या होत्या आणि पेटीला कुलूप होतं. किल्ली त्या मुलीच्या गळ्यातल्या दोऱ्यात. सर ओशाळले. मागे एका प्रदर्शनात यांचं मॉडेल शहरातल्या कुठल्याशा शाळेच्या नावावर झळकलं, तेव्हापासून मुलं अशी वागतात, म्हणाले. मला ते कुलूप बघून बरं वाटलं. पहिल्यांदाच वाटलं की यांच्यात काहीतरी दम आहे.

सुरुवातीला काहीच जमेना. साधं पाणी पिवळं व्हायचं आणि फ्लोराइड मुद्दाम घातलेलं पाणी ढिम्म राहायचं. पोरं चिडायची, एकमेकांवर ढकलायची, कोणी थुंकी उडवली आणि कोणी झाकण उघडं ठेवलं यावर भांडायची. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून सगळ्यांवर नजर ठेवून असे. क्लासचा माणूस एकदा कॅमेरा घेऊन आला. नळ्या अजून पिवळ्या होत नाहीत म्हटल्यावर, हळद टाकून एक फोटो काढू, असं सुचवायला लागला. त्याला मी दारातूनच परतवून लावलं. पुढे नळ्या खरंच जमल्या. साधं पाणी पांढरं राहिलं, फ्लोराइडचं पिवळं झालं, आणि फ्लोराइड मोजायच्या मीटरचा आकडाही तेच सांगायला लागला. मला आनंद झाला, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही.

मग गावच्या बाटल्या बाहेर निघाल्या. प्रत्येकानं आपापल्या गल्लीतल्या पंपाचं किंवा बोअरचं पाणी आणलं होतं. त्यावरून मुलांना गावाचा मोठा नकाशा करायचा होता, जिथं पाणी वाईट तिथं पिवळा ठिपका. नकाशा स्टेजवर लावायचा आणि नंतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. एकेक नळी पिवळी होत गेली. शाळेचा पंप, देवळामागचा बोअर, बाजारातला पंप. फक्त वस्तीवरच्या पंपाची नळी पांढरी राहिली. ती बाटली त्या मुलीची होती.

"आमचं चांगलं निघालं," ती म्हणाली, आणि लगेच नळी उचलून ठेवायला लागली.

माझं डोकं मात्र चालू झालं. वस्ती शाळेच्या पलीकडेच. खालचा खडक तोच. आणि जन्मापासून चांगलं पाणी प्यालेल्या पोरीचे दात असे कसे? दुपारी मुलं जेवायला गेल्यावर मी प्रत्येक बाटलीतला एकेक थेंब काचेच्या पट्टीवर ठेवला आणि पट्ट्या खिडकीत उन्हाला मांडल्या. जमिनीतलं पाणी सुकलं की मागे पांढरा डाग ठेवतं, आपल्या बादलीला बसतो तसाच. सगळ्यांचे डाग पडले. वस्तीच्या पट्टीवर काहीच नव्हतं. ते पाणी गावचं नव्हतंच, फिल्टरच्या मशिनचं होतं.

मी तिला जिन्यात बोलावलं. पट्टी पुढे धरली.

"ही बाटली कुठं भरलीस?"

तिनं पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हॉस्टेलात."

"आणि खरी?"

"सांडून दिली."

मला संताप आला. सगळी हयात अशाच बाटल्यांशी भांडण्यात गेली होती आणि आता ही, जिच्याबद्दल मला जरा कुठं बरं वाटायला लागलं होतं, तीही त्याच रांगेत. मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या ताईची सोयरीक जमलीय मॅडम."

ताई लहानपणी मामाकडे वाढली. तिकडचं पाणी चांगलं, म्हणून तिचे दात पांढरेशुभ्र. पाहुणे पसंती देऊन गेले होते, तारीख ठरायची बाकी होती. याआधी वस्तीवरच्याच एका मुलीची जमलेली सोयरीक मोडली होती. या गावच्या पोरींची हाडं कच्ची असतात, त्यांची लेकरंही तशीच निघतात, असं कुणीतरी पाहुण्यांच्या कानात सांगितलं होतं.

"गावभर पिवळे ठिपके लागले तर लागू द्या," ती म्हणाली. "लोक म्हणतील, गावचंच पाणी खराब. पण आमच्या पंपावर ठिपका लागला की म्हणतील, वस्तीवरच्या पोरी खराब. तुम्हाला ठावं नाही का?"

मला ठाऊक होतं. माझे वडील रेल्वेच्या नोकरीला म्हणून नांदेडकडून इथं आले, त्यामागे नुसती नोकरी नव्हती. वस्तीचा पंप वेगळा का असतो, हे मला कोणी समजावून सांगायला नको. आणि दुसरंही ठाऊक होतं, की मी आयुष्यभर जे अहवाल दिले त्यांचं पुढे काय झालं. पंपाला लाल रंग मारून माणसं निघून जातात. बायका त्याच लाल पंपावर पाणी भरतात, कारण दुसरा पंप कोणी देत नाही. ती पोरगी नकाशावर संशय घेत होती आणि तो संशय खोटा आहे असं मला म्हणता येईना. याचाच मला जास्त राग आला.

तरी मी तिला सांगितलं, "खोट्या बाटलीवर मी शब्द देणार नाही. टीम घरी जाईल."

"रविवारी गावाकडं चाललेय," ती म्हणाली. "आमच्या माणसांना ताईच्या पाहुण्यांचं घर बघायला जायचंय. येताना आणते."

आपल्याकडे मुलाकडचे मुलगी बघून गेले की मुलीकडची माणसं घर बघायला जातात. चहा होतो, पोहे होतात, छपराकडे आणि जनावरांकडे ओझरतं बघून परत येतात. ते नुसतं नावाचं बघणं असतं. नापसंत करायचा हक्क त्यात कोणी वापरत नाही.

ती परत आली तेव्हा तिच्याजवळ दोन बाटल्या होत्या. एकीवर वस्तीचा पंप लिहिलेलं होतं. दुसरी कोरी.

"ही कुठली?"

"आधी टाका. मग सांगते."

वस्तीचं पाणी पिवळं झालं, शाळेच्या पंपासारखंच. तिनं सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं नकाशावर ठिपका लावला. आधीची बाटली कशी पांढरी आली, हे सगळ्यांना त्या क्षणी कळलं असावं. कोऱ्या बाटलीची नळी मात्र बघता बघता इतकी गडद झाली की सरांनी ती उजेडात धरून फिरवून बघितली. मी मीटर लावलं. आकडा वस्तीच्या कितीतरी पुढे.

"पाहुण्यांच्या अंगणातल्या पंपाचं हाय," ती म्हणाली. "सगळे चहा पीत बसले होते. मी पाणी प्यायचं म्हणून बाहेर गेले आणि भरली."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. "हे कशावरून?" मी विचारलं. "एकदा खोटी आणलीस. आज फ्लोराइडची पूड टाकून आणली नसशील कशावरून? लॅबमध्ये बरणी तुझ्या हाताशीच असते."

सरांना ते लागलं, त्यांचा चेहरा पडला. ती मात्र शांत होती. "नका ठेवू विश्वास," म्हणाली. "मी बी नसता ठेवला."

तिनं ताईला सांगितलं, ताईनं वडिलांना, आणि गोष्ट पाहुण्यांपर्यंत जायला वेळ लागला नाही. मला नवऱ्या मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"पाणीवाल्या मॅडम तुम्हीच का?"

"हौ. बोला."

"आमच्या गावचं पाणी नासकं म्हणून कोण सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं कोणीच नाही. तपासलं."

"बाटली कुणी दिली?" मी नाव घेतलं नाही. ते पुढे म्हणाले, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

हा प्रश्न मला जन्मभर विचारला गेलाय आणि विचारणाऱ्याला गाव कधीच नको असतं. मी म्हटलं, "वडील नांदेडकडचे. जयभीम."

"जयभीम. मग तुम्ही त्यांच्याच नात्यातल्या असाल. त्यांना सोयरीक मोडायची असंल तर सरळ मोडा म्हणावं. पाण्याच्या आडून कामून?"

मला हसू आलं. इतक्या वर्षांत माझ्या तोडीचा माणूस भेटला होता. मी म्हटलं, "मी कोणाच्या नात्यातली नाही. तुमच्या हातानं बाटली भरा, तोंड बांधा, आणि घेऊन या. मी हात लावणार नाही."

ते खरंच आले. धोतर, पांढरा सदरा, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. बाटलीच्या झाकणावर मेण ओतून वर दोरा गुंडाळला होता. चहा विचारला तर नको म्हणाले, माझ्या हातचा तर नकोच. आत येताना सरांनी बाजूनं हाक मारली तेव्हा ते पायांसकट अख्खे वळले. मान वळलीच नाही. मी बघितलं आणि त्या मुलीनंही बघितलं.

नळ्या त्यांनी स्वतः निवडल्या, डब्याच्या तळातून. एक नळी उघडून वास घेतला. थेंब त्यांनीच टाकले. मुलीला टेबलापासून लांब उभं राहायला सांगितलं, मला त्याहून लांब. मग नळीसमोर स्टूल ओढून बसले ते उठलेच नाहीत. मुलं जेवून आली तरी बसलेले. सर काहीबाही बोलून वेळ काढत होते, ते नुसतं हूं म्हणत होते.

नळी पिवळी झाली. आधी तळाशी, मग वरपर्यंत, त्या कोऱ्या बाटलीसारखीच गडद. त्यांना ती नीट बघायची होती, पण टेबलावर वाकता येईना. तेव्हा ती पोरगी पुढे झाली, नळी उचलून तिनं त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. या खेपेला त्यांनी तिला अडवलं नाही.

"मान कधीपासून धरलीय?" मी विचारलं.

"लई दिवस झाले. वयानं असंल म्हणत होतो." मग म्हणाले, "आमच्या गल्लीत सगळ्यांचीच धरलीय."

मला त्या माणसाची दया आली, आणि संशय घेणाऱ्या माणसाला दया आलेली आवडत नाही हे ठाऊक असल्यामुळे मी खिडकीकडे गेले.

"ह्यांच्या वस्तीचं कुठंय?" त्यांनी विचारलं. तिनं वस्तीची नळी आणून शेजारी धरली. दोन्ही पिवळ्या होत्या, पण त्यांची कितीतरी जास्त. सांगायची गरज नव्हती. त्यांनी दोन्ही नळ्या हातात घेतल्या, अदलाबदल करून बघितल्या, पुन्हा बघितल्या. मी मीटर दाखवू का म्हटलं तर नको म्हणाले.

मग ते स्टुलावर बसल्या बसल्या पायांसकट त्या पोरीकडे वळले. माझ्याकडे नाही, सरांकडेही नाही.

"मग बाई," ते म्हणाले, "आता तुमची माणसं आमच्यात पोरगी द्यायला तयार हायत का?"

मी कितीतरी सोयरिकी जमताना आणि मोडताना पाहिल्या आहेत. मुलाच्या बापानं हे असं विचारलेलं आजवर ऐकलं नव्हतं. सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, मी त्यांना हातानं थांबवलं.

पोरीनं दोन्ही नळ्या त्यांच्या हातातून काढून घेतल्या आणि स्टँडमध्ये ठेवल्या.

"ताईला विचारून सांगते," ती म्हणाली.